खलनायकाचा तास

मी गणित शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी शाळेकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे घंटा वेळेवर वाजावी. पस्तीस मिनिटांचा तास पस्तीस मिनिटांनी संपावा, इतकंच. मनिराम गहाणे आमच्याकडे नागरिकशास्त्र शिकवायला आला आणि माझी ती मागणीही पाण्यात गेली. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, त्याच्याबद्दल मी जे काही चांगलं लिहीन ते नाइलाजाने लिहीन.

कोहमाऱ्याच्या चौकातून आत आठ किलोमीटर आलं की आमचं गाव लागतं. या गावात त्याला मनिराम म्हणणारा माणूस मी एकटा. बायको नाव घेत नाही आणि बाकी सगळं गाव त्याला भानुप्रताप म्हणतं.

भानुप्रताप हा जमीनदार. खरा नव्हे, नाटकातला. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि नाटक नसलं तर तेच पाहुणे पुढच्या वर्षी येत नाहीत. अशा नाटकांत मनिराम अठरा वर्षं खलनायक होता. नायक दर दोन वर्षांनी बदलायचे, खलनायक मात्र हाच. त्याचं हसणं तीन टप्प्यांचं होतं. आधी नाकातून, मग घशातून, शेवटी पोटातून. तिसऱ्या टप्प्याला पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची.

आमच्याकडच्या प्रेक्षकाला एक खोड आहे. नाटक संपतं, मांडव उतरतो, तरी तो खलनायकाला माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी मनिरामने टपरीवर चहा मागितला की आधी त्या विधवेची जमीन परत कर, असं ऐकावं लागायचं. मुलगी बघायला दवनीवाड्याला गेला, तर होणाऱ्या सासऱ्याने पोह्यांची प्लेट हातात धरूनच विचारलं, की रंगमंचावर पिता ती खरी असते की पाणी असतं. तीनदा शपथ घेतल्यावर प्लेट पुढे आली आणि धनवंता त्याच्या घरी आली.

आणि सुलोचनाबाईंनी तर चप्पलच फेकली होती. बारा वर्षांपूर्वी आमच्याच मंडईत भानुप्रतापने नायिकेला भर पावसात घराबाहेर काढलं, तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि डाव्या पायातली चप्पल नेम धरून मारली. ती खांद्यावर बसली. मनिरामने वाक्य तोडलं नाही. नाटक संपल्यावर मात्र त्याने ती चप्पल शोधून घरी नेली आणि ओसरीत खिळ्याला टांगली. पुढे बी.एड.ची पदवी मिळाली ती तिच्याच शेजारी लावली. बक्षीस म्हणून तो आल्या-गेल्याला आधी चप्पल दाखवतो, मग पदवी. बाई त्या दिवशी एका चपलेने घरी गेल्या, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत.

चाळिशी ओलांडली आणि मनिरामचा घसा बसला. गोंदियाच्या डॉक्टरने सांगितलं की बोलणं हवं असेल तर ते हसणं सोडा. त्याने हसणं सोडलं. नाटक मंडळाने त्याला सोडलं. मग आमच्या शाळेत तासिकेवर जागा निघाली, ती मिळाली. शाळा समितीने दर फेब्रुवारीत ठराव केला तर पुढच्या वर्षी नेमणूक चालू, नाही केला तर घरी. एकदा कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पिताना तो मला म्हणाला होता, की पगार वगैरे ठीक आहे, पण या गावाने मेल्यावर तरी भानुप्रताप गेला म्हणू नये, गहाणे सर गेले म्हणावं. मी हसलो होतो. तो हसला नव्हता.

पहिले काही महिने त्याने पुस्तकातून शिकवलं. सातवीची पोरं झोपली. एकदा त्याने विचारलं, हक्क म्हणजे काय. गुड्डू नावाच्या पोराने उठून सांगितलं की हक्क म्हणजे पाच मार्काचा प्रश्न, दरवर्षी येतो. उत्तर चूक नव्हतं, म्हणूनच मनिरामला लागलं. दोन दिवस तो माझ्याशीसुद्धा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात आला तो भानुप्रतापची मिशी चिकटवून.

खेळ असा होता. तासाला वर्गात येईल तो सर नाही, तो राजा. राजा रोज एक हुकूम काढणार आणि त्या हुकमाने पोरांचा कोणता ना कोणता हक्क मोडणार. कोणता मोडला हे जो पहिला नावानिशी सांगेल, त्याने उठायचं, अंगणात जायचं आणि घंटा वाजवायची. आमची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तिचा आवाज पार नाल्यापलीकडे जातो.

आता विचार करा. मी सहावीला अपूर्णांक समजावतो आहे. छेद सारखे करून झाले आहेत, आता बेरीज करायची, आणि घंटा. दुसरीच्या पोरांनी पाट्या मिटल्या. पहिलीची पोरं तर दप्तरं पाठीला लावून सरळ घरी निघाली, त्यांना फाटकातून परत आणावं लागलं. एका आठवड्यात आमच्या खिचडीची वेळ चारदा बदलली. मी मुख्याध्यापक चंद्रकुमार बिसेन यांच्याकडे तक्रार केली. बिसेन सर सज्जन आहेत, म्हणजे कोणत्याच बाजूने बोलत नाहीत. ते म्हणाले, बघू.

पोरं मात्र जागी झाली, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. राजा म्हणाला, नाल्यापलीकडच्या टोलीवरच्या आदिवासी पोरांनी मागे बसायचं. समानतेचा हक्क, घंटा. राजा म्हणाला, आज कोणी तोंड उघडायचं नाही. आता तोंड न उघडता हक्काचं नाव सांगायचं कसं, म्हणून वर्ग अर्धा तास खाणाखुणा करत बसला आणि शेवटी रश्मीने फळ्यावर लिहून घंटा गाठली.

या रश्मी मरसकोल्हेबद्दल सांगायला हवं. ती टोलीवरची. बाप वनविभागाच्या रोपवाटिकेत कामाला, आई मोहफुलं वेचते आणि भाताच्या रोवणीला जाते. पोरगी गणितात साधारण आहे, हे मी सांगू शकतो. पण कुठलीही गोष्ट तिला एकदा पटली की ती शेवटपर्यंत नेल्याशिवाय सोडत नाही. खेळात सर्वाधिक वेळा घंटा तिनेच वाजवली होती. राजाने कचारगडला देवाच्या यात्रेला जाणाऱ्यांना सुट्टी बंद असा हुकूम काढला, तेव्हा तर तिने हक्काचं नाव सांगून वर ऐकवलं की आमची गाडी ठरलेली आहे, आणि राजाला यायचं असेल तर मागे जागा आहे.

बुधवारी राजाने वर्गाला आपल्या परसात नेलं. घर शाळेला लागूनच. हुकूम असा, की वालाच्या शेंगा तोडा, मजुरी मिळणार नाही. पोरांनी टोपलीभर शेंगा तोडल्यावर कुणाला तरी आठवलं, वेठबिगारी, शोषणाविरुद्धचा हक्क. घंटा वाजली. शेंगा मात्र राजाच्या घरी राहिल्या आणि त्या दिवशी धनवंताने त्यांची भाजी केली. हे त्याने मला स्वतः सांगितलं, चवीसकट.

शनिवारी शेवटचा हुकूम. राजा म्हणाला, तुमचे सगळे हक्क गेले. आता माझ्याविरुद्ध कुठे जाल, याचं उत्तर घरून लिहून आणा. सव्वीस पोरांनी वहीत दोन-दोन ओळी लिहिल्या. रश्मीने दुकानातून फुलस्केप कागद आणला. पुस्तकात होतं की हक्क मोडला तर न्यायालयात दाद मागता येते. न्यायालय तिला लांब पडलं, म्हणून तिने जवळचं दार शोधलं. तिने शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला, पाच दिवसांचे पाच जुलूम तारीखवार मांडले, आणि रविवारी सकाळी जाऊन अध्यक्षांच्या हातात दिला.

अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई. त्यांचा धाकटा पाचवीत आहे.

दुसऱ्या कुणाने तो अर्ज वाचला असता तर निदान विचारलं असतं की हे काय प्रकरण आहे. बाईंना विचारायची गरजच वाटली नाही. भानुप्रताप पोरांना मागे बसवतो, तोंड बंद करतो, फुकट राबवतो, यात्रा बंद करतो. बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस तो हाच. सोमवारी शाळा उघडायच्या आत त्या बिसेन सरांच्या खुर्चीसमोर उभ्या होत्या आणि बिसेन सरांनी बुधवारी साडेअकराची सभा लावून टाकली.

इथे माझा भाग येतो. सभेचं इतिवृत्त मी लिहितो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. आणि आमच्याकडे इतिवृत्त सभेच्या आधी लिहून ठेवायची पद्धत आहे. यात काही गैर आहे असं एकोणीस वर्षांत कुणालाच वाटलं नव्हतं. सदस्यांना शेतावर जायचं असतं, आले की सह्या करून मोकळे. मंगळवारी बिसेन सरांनी मला बोलावून सांगितलं आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. तक्रारीवर सविस्तर चर्चा झाली. श्री. गहाणे यांची नेमणूक पुढे चालू न ठेवण्याचे सर्वानुमते ठरले. अध्यक्षांचे आभार मानून सभा दुपारी बारा वाजता संपली.

तो खेळ होता हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडून मी त्याचा शब्द न् शब्द ऐकला होता. पण मला घंटेचा राग होता. चला, आता अपूर्णांक तरी पूर्ण होतील, असं माझ्या मनात आलं होतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आलं होतं.

त्याच संध्याकाळी मनिराम माझ्या अंगणात आला. बिसेन सरांनी त्याला अर्जाची प्रत दिली होती. मला वाटलं रडेल. त्याने खिशातून तो कागद काढला आणि मला दाखवला. त्यावर लाल पेनाने खुणा केलेल्या होत्या, दोन ठिकाणी उत्तम लिहिलेलं होतं आणि खाली दहापैकी नऊ. एक मार्क कशाचा कापला म्हणून विचारलं, तर म्हणाला, दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्यावं अशी मागणी अर्जात हवी होती, ती राहिली. मी म्हटलं, अरे पण तुझी नोकरी जाऊन राहिली. उद्या उभा राहा आणि सांग की हा धडा होता.

"मग पोरीचा अर्ज खोटा पडते ना, टेंभरे सर," तो म्हणाला. "पहिला अर्ज खोटा पडला तर दुसरा कोण लिहीन?"

मी आत पाहिलं. रजिस्टर आतल्या खोलीत टेबलावर होतं, शाई वाळलेली.

बुधवारी सभा भरली. मुख्याध्यापकांच्या खोलीत समिती, दारात मनिराम, आणि व्हरांड्याच्या खिडकीत सातवीचा वर्ग एकावर एक. बिसेन सरांनी त्याला आधीच सांगितलं होतं की काही बोलू नका, नुसती माफी मागा. तो मिशीविना उभा होता आणि खाली बघत होता. सुलोचनाबाईंनी अर्ज मोठ्याने वाचला. त्यांचा आवाज इतका चढला की शेवटच्या जुलमापर्यंत त्यांची एक चप्पल पायातून निघालेली मी पाहिली. मग त्यांनी रश्मीला आत बोलावलं, की ये बाई, अर्ज तुझाच आहे अशी इथे सही कर.

रश्मी टेबलापाशी आली. मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि सहीची जागा बोटाने दाखवली. पण वाचल्याशिवाय सही करायची नाही, हेही या पोरीला मनिरामनेच शिकवलं होतं. ती वाचायला लागली. पानाच्या तळाशी पोहोचली, वर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, परत खाली बघितलं.

"टेंभरे सर, आता त साडेअकरा वाजून पाच मिनिटं झाली," ती म्हणाली. "सभा बारा वाजता संपली असं लिहून हाये."

खोलीतल्या सगळ्या माना घड्याळाकडे वळल्या. खिडकीतली पोरंही वाकून बघायला लागली.

"अना सर्वानुमते ठरलं म्हणून लिहून हाये. मंग आमी सारे कायले बसून राहिलो?"

सुलोचनाबाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. त्यांना अडखळत का होईना, वाचता येतं. इतकी वर्षं सदस्य वाचत नाहीत यावरच आमची पद्धत चालली होती. त्यांनी बोट ठेवून पूर्ण पान वाचलं आणि विचारलं की हे कोणी लिहिलं. बिसेन सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पेनाकडे पाहिलं. मला मनापासून लाज वाटली. वर्गात मी पोरांना सांगतो की उत्तर आधी लिहून गणित मागून जुळवणं ही चोरी आहे.

बाईंनी रश्मीला विचारलं की तुझी तक्रार खोटी आहे का. "तक्रार माझी हाये, खरी हाये," रश्मी म्हणाली. "पण सरले विचारलं काऊन नाही?"

सुलोचनाबाईंचा राग आता कुणावर काढायचा हे त्यांनाच कळेना. तो बिसेन सरांवर गेला, माझ्यावर आला, आणि शेवटी मनिरामकडे वळला, पण वळेपर्यंत थोडा निवला होता. "बोल गा भानुप्रताप," त्या म्हणाल्या. "आयकतो आमी."

अठरा वर्षं ज्याने माईकशिवाय मांडव हलवला, त्या माणसाचा आवाज माझ्यापर्यंत दोन हातांवर पोहोचेना. आयुष्यात त्याला पाठ केलेलं वाक्यच बोलायची सवय. इथे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तो थांबत थांबत सांगत होता, की बाई, पोरांना हक्क पाठ होते पण ठाऊक नव्हते. स्वतःचा गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी रोज एक काढून घेत होतो आणि घंटेला परत देत होतो. मागे बसवलं ते परत पुढे आणलं. तोंड बंद केलं ते उघडलं. यात्रेच्या सुट्टीवर तर मुख्याध्यापकांची सही आधीच आहे.

"शेंगाचं काय?" रश्मीने विचारलं. "शेंगा त परत नाही केल्या."

मनिरामने मान वर केली. त्याला खोटं बोलायची चांगली संधी होती. "शेंगा खाल्ल्या मी," तो म्हणाला. "तो धडा नव्हता. ती माझी चूक हाये. तेवढी तक्रार खरी हाये, ते लिहून घ्या."

बाईंनी विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. तो पुन्हा खाली बघायला लागला. आदल्या संध्याकाळी माझ्या अंगणात जे बोलला होता ते त्याला पोरीसमोर बोलवेना. तेव्हा मी उठलो. सभेत लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं, तरी बोललो. त्याने मला सांगितलेलं सगळं सांगितलं. पोरीचा अर्ज खोटा पडू नये म्हणून हा माणूस गप्प होता. आणि हे मला काल संध्याकाळपासून माहीत होतं.

सुलोचनाबाईंनी चप्पल पायात घातली. मग म्हणाल्या, लिहा.

रजिस्टरची पानं फाडता येत नाहीत, क्रमांक असतात. मी माझ्या सुवाच्य पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारली आणि पुढच्या पानावर नव्याने लिहायला बसलो. एकोणीस वर्षांत प्रथमच सभा आधी आणि इतिवृत्त नंतर. ठराव एक, तक्रार वालाच्या शेंगांपुरती खरी आहे, सबब तेवढ्याच शेंगा शाळेच्या खिचडीत घालाव्यात. ठराव दोन, अध्यक्षांची बारा वर्षांपूर्वीची डाव्या पायाची चप्पल ओसरीतून काढून सन्मानाने परत करावी. हा ठराव बाईंनी स्वतः सुचवला, आणि उजवी अजून आपल्याकडे आहे असंही सांगितलं. ठराव तीन, नेमणूक पुढे चालू. तिथे मी विचारलं की नाव कसं लिहू. गावात सगळे भानुप्रताप म्हणतात, म्हणून उगाच विचारलं.

"गहाणे सर लिहा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "दुसरं का लिहिता?"

मनिराम दारातून बाहेर गेला आणि रुमालाने चेहरा पुसत राहिला. घाम डोळ्यांतून येत नाही, एवढं मलाही कळतं.

सह्या झाल्या. सदस्य शेतावर गेले. मी खोलीत एकटाच उरलो तेव्हा ठरावांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, की सदर प्रकार हा अध्यापनाचा भाग आहे हे गणित शिक्षक टेंभरे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते व त्यांनी ते वेळेवर सांगितले नाही. लिहून झाल्यावर वर पाहिलं, तर रश्मी समोर उभी. अर्जावर आपल्याला दहापैकी नऊच कसे मिळाले, याची दाद मागायला ती गहाणे सरांना शोधत आली होती. तिने रजिस्टर उलटं वाचलं, मग सरळ करून वाचलं.

"हे तुमी स्वतःच लिहिलं?"

मी हो म्हटलं.

"मंग जा ना सर," ती म्हणाली, "पहिले तुमीच सांगितलं. घंटा वाजवा."

पाचवा तास संपायला अजून तब्बल सतरा मिनिटं होती, हे माझ्याइतकं शाळेत कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मी अंगणात गेलो, लोखंडी कांब उचलली आणि वाजवली. आवाज नाल्यापलीकडे गेला. दुसरीने पाट्या मिटल्या, आणि पहिलीची पोरं दप्तरं पाठीला लावून घरी निघाली.